डाव्या दाढेची साक्ष

नसरीनने ते पत्र आणून माझ्या ओट्यावर ठेवलं, तेव्हा मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानेच उचललं आणि वाचलं. 'अर्जदार रियाज दस्तगीर मुजावर यांच्या दाताच्या तपासणीत चारशे दहा मिलिग्रे इतकी किरणमात्रा आढळली. परंतु अठरा वर्षांच्या सेवेपैकी गेल्या बारा वर्षांच्या बॅजच्या नोंदी शून्य आहेत. सदर मात्रा अपघातानंतर काढलेल्या सीटी स्कॅनमुळे असू शकते. सबब आजार कामामुळे झाला असे मानता येत नाही.' खाली सही, शिक्का, आणि हरकत असल्यास दहा दिवसांत सोलापूरला सुनावणीस हजर राहावे, अशी एक ओळ.

भाकरी तव्यावर करपली. मी गॅस बंद केला आणि तोंडाला येईल ते बोलले. ते इथे लिहीत नाही, छापणाऱ्याला उगाच ताप नको.

"ताई, शून्य कसं असेल हो?" नसरीन म्हणाली. ती रियाजची बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, हिशोबाला पक्की. "माणूस रोज आठ-आठ तास त्या मशीनशेजारी उभा असतो, आणि शून्य?"

मी तिच्याकडे पाहिलं नाही. शून्य कसं आलं हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? प्रत्येक शून्याखाली माझीच सही आहे.

मी कुंदा तांबट. आमच्या गावाचं आणि हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, एवढंच सांगते की सोलापूर इथून नव्वद किलोमीटर आहे आणि मधे दुसरी कॅथलॅब नाही. कॅथलॅब म्हणजे मनगटातून नाहीतर मांडीतून तार घालून हृदयाच्या बंद नळ्या उघडतात ती खोली. तार कुठे पोचली हे बघायला एक्स-रे सारखा चालू ठेवावा लागतो. पेशंटला ते किरण आयुष्यात एकदा लागतात, आम्हाला दिवसातून सहा वेळा. त्या खोलीत मी बावीस वर्षं टेक्निशियन आहे, आणि शेवटची बारा वर्षं सगळ्यांच्या बॅजची जबाबदारीही माझ्याकडे.

रियाज माझ्या हाताखाली तयार झाला. पहिल्या दिवशी शिशाचा लेड एप्रन उलटा घालून आला होता. मी एवढी ओरडले, की पोरगा पळून जाईल असं सगळ्यांना वाटलं. पळाला नाही. पुढे डॉक्टरांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहायचा, तार मागायच्या आधी हातात द्यायचा. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याच्या हाडातल्या मगजाने रक्त बनवणंच सोडून दिलंय. दर आठवड्याला बाहेरचं रक्त चढवावं लागतं.

यावर इलाज नाही असं नाही. गेल्या तीन वर्षांत नवीन उपचार निघालाय. माणसाच्या स्वतःच्याच पेशी काढतात, दुरुस्त करतात आणि परत सोडतात. पण तो होतो मुंबईत एकाच सरकारी केंद्रात, आणि रांग आहे चौदा महिन्यांची. नवीन किरणकामगार कायद्याखाली ज्याचा आजार कामामुळे झाला असं ठरेल त्याला मात्र रांग नाही, आठवड्यात भरती. रियाजकडे चौदा महिने नाहीत. त्याच्या डॉक्टरांनी नसरीनला बाजूला घेऊन तीन सांगितलेत. आणि कागद म्हणतोय, शून्य.

आता तो दाताचा प्रकार सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

एक्स-रे, ऊन, टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तो न दिसणारा प्रकाश, मोबाईलच्या लहरी, मायक्रोवेव्हमध्ये भात गरम करतो त्या, ही सगळी एकाच घरातली भावंडं. विद्युतचुंबकीय लहरी म्हणतात त्यांना. फरक एवढाच, की कोणाची लहर लांब आणि कोणाची आखूड. लहर जितकी आखूड तितका तिचा फटका जोरात. रेडिओची लहर तुमच्या अंगातून जाते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. एक्स-रे जाता जाता अणूमधला इलेक्ट्रॉन उपटून टाकतो. आपल्या अंगात असं झालं तर शरीर ते दुरुस्त करतं, नाहीतर चुकीचं दुरुस्त करतं, आणि मग रियाजसारखं होतं.

पण दाताचं वरचं कवच असतं ना, एनॅमल, ते एकदा तयार झालं की शरीर त्याला पुन्हा हात लावत नाही. तिथे उपटलेल्या इलेक्ट्रॉनची खूण तशीच राहते. माणूस मेला, पुरला, हजार वर्षं झाली तरी राहते. ती वाचायची युक्ती मजेशीर आहे. दात चुंबकात धरायचा आणि त्याच्यावर मायक्रोवेव्हची लहर सोडायची. जिथे जिथे एकटा पडलेला इलेक्ट्रॉन आहे तिथे ती लहर थोडी शोषली जाते. किती शोषली गेली ते मोजलं की आयुष्यभरात दाताला किती किरण लागले ते कळतं. एका भावंडाने केलेलं नुकसान दुसरं भावंड वाचून दाखवतं.

हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं, पण पूर्वी दात उपटून प्रयोगशाळेत न्यावा लागायचा, आणि थोडी मात्रा असेल तर दिसायची नाही. आता चुंबक इतका लहान झालाय की गालावर बसतो. तोंडात टोक धरायचं, अर्धा मिनिट थांबायचं, आकडा येतो. कायद्यात त्याचं काहीतरी भारदस्त नाव आहे. आमच्या धंद्यातली माणसं त्याला चुगलखोर म्हणतात.

चुगलखोर आला, आणि राज्यातल्या कॅथलॅबवाल्यांची झोप उडाली. कारण बॅजचं काय चाललंय हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

बॅज म्हणजे छातीवर लावायची प्लॅस्टिकची चपटी डबी. आतली चकती किरण साठवते. तीन महिन्यांनी सगळे बॅज तपासणीला जातात आणि कोणाला किती लागले त्याचा रिपोर्ट येतो. मात्रा जास्त आली, तर पत्र येतं, चौकशी होते, त्या माणसाला खोलीबाहेर बसवतात. सुरुवातीच्या काळात रियाजला असं एक पत्र आलं होतं. तीन महिने त्याला रिसेप्शनवर बसवलं. लग्न ठरलेलं, आणि भत्ता बंद. तेव्हा त्यानेच हात जोडले होते, "ताई, परत असं नको व्हायला."

मग बाहेरच्या भिंतीवरच्या खुंट्या कामाला आल्या. जड केसेसच्या दिवशी बॅज खुंटीवर, माणूस आत. त्याला आम्ही 'बॅजला सुट्टी' म्हणायचो आणि हसायचो. बॅज कधीच आत दिसला नाही तर संशय येतो, म्हणून हलक्या दिवशी घालायचो; तेवढ्याने आकडा शून्याच्या वर जात नसे. मी स्वतः संध्याकाळी खुंट्या मोजायचे. माणसांच्या नोकऱ्या वाचवतेय असं वाटायचं मला, मोठी पुण्यवान! आमचे मुख्य डॉक्टर प्रभुदेसाई खुंट्यांसमोरून रोज जायचे. एक शब्द बोलले नाहीत. त्यांचाही बॅज तिथेच असायचा.

रविवारी सकाळी हेच प्रभुदेसाई माझ्या दारात उभे. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी खुर्ची दिली, चहा विचारला नाही. घरी आलेल्याला चहा न विचारण्याची ही माझी पहिलीच वेळ, आणि त्यांच्या ते बरोबर लक्षात आलं.

"कुंदाबाई, रियाजच्या बाजूने तुम्ही साक्ष देणार असं कानावर आलंय."

"बरोबर आलंय."

"काय सांगणार?"

"खुंट्या."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या नोंदी खोट्या ठरल्या, तर लॅबला टाळं लागेल. पहिल्या तासात सोलापूरला पोचू न शकणारी माणसं रस्त्यात जातील. गेल्या वर्षी आपण सहाशे जणांना वाचवलं. एका माणसासाठी ते सगळं पणाला लावणार?"

राग कशाचा आला सांगू? हे खोटं नव्हतं त्याचा. सहाशे माणसं खरीच होती, त्यांतल्या कित्येकांच्या बायकांनी माझे हात धरून रडून घेतलेलं मला आठवत होतं. पण ती सहाशे माणसं ज्याच्या हाडांवर उभी राहिली तो माणूस या हिशोबात कुठेच नव्हता.

"सर, आणखी दोन टेक्निशियन घ्या असं मी तुम्हाला किती वेळा लिहून दिलं? चार माणसांत विभागलं असतं, तर कोणाचाच बॅज खुंटीवर गेला नसता. किरण अडवणाऱ्या पडद्याचं फाटलेलं शिसं बदला म्हणून किती वेळा सांगितलं? लॅबला टाळं माझ्यामुळे लागत नाहीये."

ते उठले. दारात थांबून सावकाश बोलले, "आणि तो हरवलेला बॅज? तोही सांगणार आहात? तो फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते गेले, आणि मी तशीच दाराला धरून उभी.

चार वर्षांपूर्वी रियाजला सारखा थकवा यायला लागला होता. मुलगी नुकतीच झाली होती. तो मला म्हणाला, "ताई, आता मी बॅज घालूनच आत जाणार. रोज. खरं काय आहे ते कळू दे एकदा." आणि तीन महिने त्याने इमानाने घातला. एकही दिवस खुंटीला लावला नाही. तपासणीला पाठवायचा दिवस आला, तेव्हा प्रभुदेसाई माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "या वेळी जास्तीचं पत्र आलं तर आपली लॅब गेलीच." एवढंच. मला काही करायला त्यांनी सांगितलं नाही. मी केलं. रियाजचा बॅज कचऱ्याच्या पिशवीत टाकला, रजिस्टरमध्ये लिहिलं, 'धुण्यात हरवला', आणि नियमाप्रमाणे मागच्या तिमाहीचा आकडा पुढे ओढला. शून्य.

महिन्याभराने त्याने विचारलं, "ताई, माझा रिपोर्ट आला का? किती आहे?"

मी हातातलं काम न सोडता म्हणाले, "मोजण्याइतकाही नाही रे. उगाच घाबरतोस. जा, टेबल लाव."

त्याचा चेहरा कसा उजळला होता! संध्याकाळी पेढे आणले त्याने. मी खाल्ला एक.

त्याच दिवशी खरं सांगितलं असतं, तर तो बाहेर पडला असता, रक्त तपासलं असतं, चार वर्षं आधी. थू माझ्या जिभेवर.

सुनावणी एका सरकारी सभागृहात होती. समितीच्या अध्यक्षबाई भौतिकशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, कमी बोलणाऱ्या. शेजारी टेबलावर चुगलखोर आणि तो चालवणारी तंत्रज्ञ. एका बाजूला प्रभुदेसाई आणि हॉस्पिटलचे वकील. दुसऱ्या बाजूला चाकाच्या खुर्चीत रियाज, तोंडाला मास्क, हातावर सुया टोचून निळे डाग पडलेले. मला बघून डोळ्यांनी हसला. मला ते हसू नको होतं.

वकील तयारीचे होते. "चारशे दहा हा आकडा आम्ही नाकारत नाही. पण दात काही बोलत नाही की किरण कुठून आले. अर्जदार मोटारसायकलवरून पडले, तेव्हा डोक्याचे सहा सीटी स्कॅन झाले. बॅज शून्य सांगतो. तर्क सरळ आहे."

"दात बोलतो," मी उभी राहिले. "तुम्ही विचारलंच नाही त्याला. पुढचा एक दात मोजला आणि मोकळे झालात."

"तुम्ही कोण?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

मी नाव सांगितलं, काम सांगितलं. "बाई, सीटीचं यंत्र डोक्याभोवती गोल फिरतं. दोन्ही बाजूंना सारखेच किरण. पण कॅथलॅबमध्ये आम्ही पेशंटच्या उजव्या अंगाला उभे राहतो, आमची डावी बाजू एक्स-रेच्या नळीकडे. पेशंटच्या अंगावर आपटून उडणारे किरण आमच्या डाव्या गालावर येतात. एप्रन गळ्याच्या खाली, चेहरा उघडा. रियाजच्या डाव्या दाढा मोजा आणि उजव्या मोजा. स्कॅनचे असतील, तर आकडा सारखा येईल."

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं आणि तंत्रज्ञ मुलीला मान हलवून खूण केली.

रियाजने मास्क काढला. चुंबक गालावर बसला, बारीक घूं घूं. डावी दाढ, सहाशे दहा. उजवी, दोनशे साठ.

वकील उठलेच. "एका माणसाच्या तोंडावरून नियम काढता येत नाही. यंत्राची चूक असेल, चघळायची सवय असेल..."

"चघळायची सवय!" मी ओरडले. "एक्स-रे चघळतो का तो? दुसरं तोंड पाहिजे ना तुम्हाला? हे घ्या. माझं. बावीस वर्षं त्याच जागी उभी होते. आयुष्यात एक स्कॅन नाही, दवाखान्यात काम करूनही दाताचा फोटो नाही. मोजा!"

कोणी थांबवायच्या आत मी खुर्चीत जाऊन बसले. टोक थंडगार होतं. अर्धा मिनिट मी समोर प्रभुदेसाईंकडे बघत होते. त्यांचा हात नकळत स्वतःच्या डाव्या जबड्यावर गेला होता.

डावी दाढ, आठशे चाळीस. उजवी, तीनशे पन्नास.

अध्यक्षबाईंनी फाइल चाळली. "तांबट बाई, तुमच्या बॅजच्या नोंदीही शून्याच्या आसपास आहेत. या नोंदींवर सही कोणाची?"

"माझी."

"म्हणजे नोंदी खोट्या आहेत?"

"खोट्या आहेत. बारा वर्षांच्या सगळ्या." मी खुंट्या सांगितल्या. कोण समोरून जायचं तेही सांगितलं. वकील हरकत, हरकत करत राहिले.

"याचा परिणाम तुम्हाला माहीत आहे?" बाई म्हणाल्या. "परवाना जाईल. फौजदारी खटला होईल."

"होऊ दे. माझं अजून संपलेलं नाही."

इथपर्यंत मी चिडलेली होते, आणि चिडलेलं असलं की बोलणं सोपं जातं. पुढचं बोलायचं होतं ते रियाजकडे तोंड करून. मी वळले.

"चार वर्षांपूर्वीचा तुझा बॅज रजिस्टरमध्ये हरवला म्हणून लिहिलाय. हरवला नव्हता. तू तीन महिने घातलेला. मी तो कचऱ्यात टाकला. तू विचारलंस तेव्हा मला ठाऊक होतं, की मी तुला जे सांगतेय त्याला काडीचा आधार नाही. मोजण्याइतकाही नाही म्हणाले. मी मोजूच दिलं नव्हतं."

नसरीनच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला. रियाजने मास्क परत चढवला आणि भिंतीकडे बघत बसला.

निकाल त्याच दिवशी झाला. आजार कामामुळेच, चार दिवसांत भरती. लॅबला टाळं लागलं. माझा परवाना जागच्या जागी जमा करून घेतला. लॅब बंद झाल्यावर पंधरा दिवसांत कोण रस्त्यात गेलं याच्या बातम्या मी वाचल्या आहेत. दोन माणसं होती, दोघांची नावं मला पाठ आहेत. सरकारने मग सोलापूरहून चार टेक्निशियन आणि नवे पडदे पाठवले, आणि लॅब सुरू झाली. पंधरा दिवसांत झालं! जे बारा वर्षं होत नव्हतं, ते पंधरा दिवसांत! याचा राग मी मरेपर्यंत सोडणार नाही.

निकालानंतर तिसऱ्या दिवशी रियाजला न्यायला अँब्युलन्स आली, त्या दुपारी मी त्याच्या घरी गेले. जाऊ नये असं सगळ्यांनी सांगितलं होतं. नसरीन पिशव्या भरत होती. मला बघून ती आत निघून गेली आणि दार लावून घेतलं. बरोबरच होतं तिचं.

रियाज अँब्युलन्समध्ये आधीच आडवा होता. मी दरवाज्याशी उभी राहिले. काय बोलायचं ते घरून ठरवून आले होते.

"माफी मागू नका," तोच म्हणाला. "आत्ता मागितलीत तर मी नाही म्हणेन, आणि मग ते तसंच राहील."

"बरं."

"मला तुमचा इतका राग आलाय ताई, की झोप लागत नाही. मुलीचा चेहरा बघितला की येतो. त्या दिवशी मी पेढे आणले होते, आठवतं तुम्हाला?"

"आठवतं."

"खाल्लात तुम्ही." त्याला धाप लागली. थोडं थांबून मग विचारलं, "आठशे चाळीस ना तुमचा?"

"हं."

"माझ्यापेक्षा दोनशे तीस जास्त. रक्त तपासलंत?"

मी दाराची कडी चाचपत राहिले. कितीतरी दिवसांपासून रोज सकाळी जिना चढताना मला धाप लागत होती आणि मी वयाला दोष देत होते.

"नाही तपासलं," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला, ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. "अजून तेच! अजून मोजायचं नाही! ऐका, मी तिथून बरा होऊन येणार आहे आणि तुमच्याशी भांडणार आहे. पुष्कळ भांडायचंय मला. तुम्ही आधी मेलात तर मी कोणाशी भांडू? उद्या सकाळी जाऊन रक्त द्या."

"देते."

"आणि रिपोर्ट तुम्ही वाचायचा नाही. पाकीट उघडायचंसुद्धा नाही. बंद पाकीट नसरीनकडे द्यायचं, ती मला फोटो पाठवेल. किती आहे ते मी सांगेन तुम्हाला. आणि जे असेल तेच सांगेन."